उतारावरचें घर

गेल्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारीं बेसा येथील आमच्या गृहसंकुलाच्या सभासदांची बैठक झाली. विषय एकच होता व तो पावसाळ्याचा. संकुलाच्या मागील अंगास दरवर्षीं पाणी सांचतें, वाहनें अडकतात, लिफ्टच्या खड्ड्यांत पाणी शिरून ती चार-चार दिवस बंद राहते. तेव्हां मागचें आवार मुरूम टाकून दोन फूट उंच करावें व सभोंवतीं पक्की भिंत घालावी, अशी सूचना पुढें आली होती. अंदाजपत्रक तयार होतें, वर्गणीचा आंकडाही ठरला होता. विरोध कोणाचाच नव्हता. उठतां उठतां अध्यक्षांनीं सहज आमच्याकडे वळून विचारलें, "आपलें काय मत?"

आम्हीं एवढेंच विचारलें, "मग तें पाणी जाईल कोठें?"

क्षणभर कोणी बोललें नाहीं. मग एक तरुण गृहस्थ म्हणाले, "जाईल खालीं, जुन्या वस्तीकडे." त्यांच्या बोलण्यांत दुष्टावा मुळींच नव्हता. पाणी खालीं जातें हा सृष्टीचा नियमच आहे, तो त्यांनीं सांगितला. परंतु त्या खालच्या वस्तींत आपल्याकडे धुणें-भांडीं करणाऱ्या बायांचीं घरें आहेत, ही गोष्ट बैठकींतील पुष्कळांच्या ध्यानांत तेव्हां आली व निर्णय पंधरा दिवस पुढें ढकलण्यांत आला.

हा प्रश्न आम्हांस सुचला यांत आमची कांहीं विशेष हुशारी नाहीं. आमचा जन्म टेकडीच्या उतारावरील घरांत झाला, आणि उतारावर राहणाऱ्या माणसास हा प्रश्न बाराखडीबरोबरच शिकवितात. त्या घराविषयीं या महिन्यांत चार शब्द लिहावे असें म्हणूनच वाटलें.

नागपुरांत टेकडी म्हटली कीं साताऱ्याच्या वाचकांस हसूं येईल. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशीं माची पेठेंत ज्यांचें बालपण गेलें, त्यांना आमची सीताबर्डी म्हणजे अंगणांतला ओटा वाटावयाची. तें खरेंही आहे. एक मोठी व एक धाकटी अशा ह्या दोन टेकड्या, आणि भोंवतीं दूरवर पसरलेला सपाट मुलूख. परंतु सपाट मुलुखांत लहान उंचीलाही मोठें मोल येतें. नांवाविषयीं अशी आख्यायिका सांगतात कीं शीतलाप्रसाद व बद्रीप्रसाद नांवाचे दोघे गवळी बंधु येथें राहत, त्यांच्यावरून शीतलाबद्री, व तिचें पुढें सीताबर्डी झालें. नागपूरकर मात्र तिला नुसतें 'बर्डी' म्हणतो. जुन्या जमीनमोजणींत काळी, मोरंड, खरडी व बर्डी अशा जमिनीच्या प्रती लावीत. त्यांत बर्डी म्हणजे टेकडीच्या अंगाची, खडकाळ, उथळ, शेतकऱ्याला नकोशी जमीन. शेतकऱ्याला नकोशी असलेली ही जमीन घर बांधणाऱ्याला मात्र हवीशी असते, तें पुढें सांगूं.

ह्या टेकडीवर नागपूरच्या राज्याचें भवितव्य ठरलें. २६ नोव्हेंबर १८१७ च्या संध्याकाळीं आप्पासाहेब भोसल्यांच्या सैन्याची व कंपनीच्या फौजेची गांठ पडली. दुसऱ्या दिवशीं सकाळीं भोसल्यांच्या अरब शिपायांनीं धाकटी टेकडी काबीज केली होती. तरी पण दुपारपर्यंत पारडें फिरलें व जय कंपनीचा झाला. पुढें इंग्रजांनीं मोठ्या टेकडीवर किल्ला बांधला. तो आजही लष्कराच्या ताब्यांत असून राष्ट्रीय सणांच्या ठराविक दिवशीं लोकांस पाहावयास खुला करण्याची वहिवाट आहे. आमच्या लहानपणीं त्या दिवशीं शेजारचीं सगळीं मुलें न्हाऊन-माखून वर जात, आणि स्वतःच्याच घराचें कौल वरून कोणतें दिसतें याची पैज लागत असे.

इ. स. १८६१ मध्यें मध्यप्रांत निर्माण झाला व नागपूर राजधानी झालें. टेकडीच्या पूर्वेस महाल-इतवारीचें जुनें शहर, पश्चिमेस साहेबांचे बंगले व कचेऱ्या, आणि मध्यें बर्डी, अशी रचना झाली. १८६७ मध्यें मुंबईहून आगगाडी आली. स्टेशनही टेकडीच्या कुशींतच झालें. गाडींतून उतरणारा माणूस प्रथम टेकडीच्या गणपतीला हात जोडी व मग टांगा करी. शहरांतून कचेरींत जाणारा बर्डीवरून जाई, परत येतांना भाजी घेऊन येई. बाजार येथेंच कां वाढला याचें कारण यांत आलें. १९२३ च्या झेंडा सत्याग्रहांत शहराकडून सिव्हिल लाइन्सकडे निघालेल्या मिरवणुकी सरकारनें अडविल्या. शहर व कचेरी यांमधली ती सीमा किती जागती होती हें त्यावरून कळतें. १९५६ मध्यें राजधानीपण गेलें, कचेऱ्यांची वर्दळ ओसरली, परंतु बाजार राहिला; आणि आतां तर मेट्रो रेल्वेचे दोन्ही मार्ग बर्डीवरच एकमेकांस छेदतात.

ह्या बाजाराच्या पाठीमागें, किल्ल्याच्या हद्दीखालच्या उतारावर, आमच्या पणजोबांनीं घर बांधलें. ते सचिवालयांत कारकून होते. पायीं कचेरी गांठतां यावी एवढाच त्यांचा हेतु. रस्त्यापासून ओसरीपर्यंत ४३ पायऱ्या. पुढच्या दारानें आलेला पाहुणा माजघरांत पोंचतो, तोंच मागच्या गल्लींतून आलेली बाई एकही जिना न चढतां माडीवर उभी असते. न्हाणी एका पातळीवर, स्वयंपाकघर दुसऱ्या, आणि बंगई टांगलेली पडवी तिसऱ्या. नव्या सुनेला पहिलें वर्ष ह्या पायऱ्यांचा हिशेब पाठ करण्यांतच जाई. भाजीवाला खालूनच ओरडे, "काकूजी, तुमच्या पायऱ्या चढून जीव जाऊन राहिला जी!" मग वरून टोपली दोरीनें खालीं सोडली जाई.

पण उन्हाळ्याच्या दिवसांत त्या पडवीचें मोल कळे. पारा ४५ अंशांवर गेलेला, वाळ्याच्या ताट्या शिंपून हात दुखलेले. अशा वेळीं सूर्य मावळल्यावर टेकडीवरून जी झुळूक येई ती खालच्या बाजारापर्यंत क्वचितच पोंचत असे. खालचे दुकानदार दुकानें बंद करून आमच्या पायऱ्यांवर येऊन बसत. कोणती पायरी कोणाची हें ठरलेलें होतें. गृहस्थांच्या राजकारणाच्या गप्पा विसाव्या पायरीवर, बायकांच्या तिसाव्या पायरीच्या वर. शेजार म्हणजे काय हें आम्हीं त्या पायऱ्यांवर पाहिलें.

आतां पाण्याविषयीं. उतारावरील घराला तीन बाजूंनीं शेजार असतो: बाजूचा, वरचा आणि खालचा. वरच्याचें पाणी आपल्या अंगणांत येतें व आपलें खालच्याच्या. आमच्या आळींत यासाठीं एक नियम होता. मृग लागण्यापूर्वीं प्रत्येकानें आपापली नाली उपसावयाची. मात्र आरंभ सर्वांत खालच्या घरानें करावयाचा व क्रमाक्रमानें वर यावयाचें. वरच्यानें घाई केली तर त्याचा गाळ खालच्याच्या तुंबलेल्या नालींत अडकतो व पहिल्याच पावसांत खालच्याच्या माजघरांत शिरतो. आमचे आजोबा कोणावर कधीं रागावलेले आम्हीं पाहिले नाहींत. परंतु एका वर्षीं आमच्या काकाजींनीं आपली नाली आळींत सर्वांच्या आधीं उपसून टाकली, तेव्हां आजोबांनीं त्यांस खालच्या घरीं जाऊन क्षमा मागावयास लाविलें व त्या घरची नालीही उपसून द्यावयास सांगितलें. काकाजी त्या वेळीं कॉलेजांत शिकत होते. ही गोष्ट ते स्वतःच हंसत सांगत.

घराच्या मागें दगडी बांध आहे. त्याला हात-हात अंतरावर भोकें ठेवलेलीं आहेत. पावसाळ्यांत मातींत मुरलेलें पाणी ह्या भोकांवाटे पाझरतें, म्हणून तो बांध इतकीं वर्षें उभा आहे. एका सुधारलेल्या गवंड्यानें तीं भोकें 'ओल येते' म्हणून सिमेंटनें बुजविण्याची सूचना केली होती. थोरल्या काकूंनीं त्याला चहा पाजून परत पाठविलें. कोंडलेलें पाणी मातीसकट बांध ढकलतें, हें त्यांना कोणत्याही पुस्तकानें शिकविलें नव्हतें.

बर्डी जमिनीचा गुण आम्हांस बेशाला आल्यावर कळला. पाद्री स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नांवानें नागपुरांत कॉलेज आहे, यांनीं गेल्या शतकाच्या आधींच्या शतकांत येथील खडकांचा अभ्यास केला व १८५५ मध्यें आपल्या सहकाऱ्यासह तो लंडनच्या भूगर्भशास्त्राच्या नियतकालिकांत प्रसिद्ध केला. ज्वालामुखीच्या रसाचे थर एकावर एक, आणि त्यांच्या मधोमध गोड्या पाण्याच्या तळ्याचा गाळ व त्यांत शंख-शिंपले, अशी ही रचना आहे. हा काळा पाषाण सुमारें साडेसहा कोटि वर्षांचा. टेकडीवर तो हातभर खोलीवर लागतो. म्हणून पणजोबांचा पाया उथळ असूनही हलला नाहीं. त्याच पाषाणाची झीज होऊन सखल भागांत जी माती सांचली ती काळी. कपाशी-तुरीला ती माता आहे. घराला मात्र सावत्र आई. पावसाळ्यांत ती फुगते, उन्हाळ्यांत आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. बेशाच्या घराचीं दारें आमच्याकडे श्रावणांत घट्ट होतात व वैशाखांत करकरतात. अशा जमिनींत पाया खोल न्यावा लागतो, किंवा तळाशीं फुगीर केलेल्या खांबांवर इमारत उभी करावी लागते. ज्या वाचकांना नवीन लेआउटमध्यें घर घ्यावयाचें असेल त्यांनीं फरशीचा रंग पाहण्यापूर्वीं पाया कसा घातला हें विचारावें, एवढें आमच्या अनुभवावरून सांगतों.

येथवर वाचून कोणास वाटेल कीं, इतकें सुख होतें तर टेकडी सोडली कां? सोडण्याचें कारणही त्या ४३ पायऱ्याच. तरुणपणीं त्या लक्षांतही येत नाहींत. साठीनंतर प्रत्येक पायरी मोजून घेते. गॅसची टाकी वर आणणारा दरवेळीं वेगळे पैसे मागतो. मुलांच्या मोटारी ठेवावयास खालीं जागा नाहीं. हेंही सोसलें असतें. परंतु ज्या रात्रीं काकाजींना अर्धांगाचा झटका आला, त्या रात्रीं रुग्णवाहिका खालीं रस्त्यावर येऊन उभी होती आणि आम्ही चौघे त्यांना खुर्चींत बसवून काळोखांत एक-एक पायरी उतरवीत होतों. किती वेळ लागला तें आम्हीं घड्याळावर पाहिलें नाहीं. पाहावयाचें धैर्य नव्हतें. काकाजी त्यांतून उठले नाहींत. पायऱ्या नसत्या तर ते उठलेच असते असें वैद्यांनीं म्हटलें नाहीं, व आम्हींही विचारलें नाहीं. पण त्या वर्षाच्या अखेरीस घरांतील दोन कुटुंबांनीं बेशास सपाटीवर घर घेतलें. लिफ्ट, प्रशस्त रस्ता, दाराशीं गाडी. टेकडीपासून अंतर सुमारें दहा किलोमीटर. थोरल्या काकू मात्र आल्या नाहींत. "मी एकदां वर चढलें तें लग्नाच्या दिवशीं, आतां उतरेन ती एकदांच," असें त्या म्हणाल्या. एक पुतण्या व त्याची पत्नी त्यांच्यापाशीं राहिलीं. आमचें एकत्र कुटुंब अशा रीतीनें भांडण न होतां दोन उंचींवर विभागलें गेलें.

जुनें घर विकावें अशी बोलणीं मग सुरू झालीं. बाजारालगतच्या जागेला भाव चांगला होता. आम्हीही त्या मताचे होतों, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. कागद तयार झाले, काकूंची सही तेवढी राहिली होती.

तशांत २३ सप्टेंबर २०२३ ची पहांट आली. मध्यरात्रीनंतर ढगफुटीसारखा पाऊस झाला. चार तासांत शंभर मिलिमीटरांहून अधिक. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीला पूर आला, आणि नदीकांठचा सखल भाग पाहतां पाहतां पाण्याखालीं गेला. बर्डीच्या पायथ्याशीं मोरभवनच्या बसस्थानकांत उभ्या गाड्या बुडाल्या; शहरांत प्राणहानि झाली. बेशाहून आम्ही रात्रभर फोन लावीत होतों व तो लागत नव्हता. सकाळीं वाट मिळाली तशी आम्ही बर्डी गांठली. रस्त्यावर चिखल, दुकानांतून भिजलेले कापडाचे गठ्ठे बाहेर काढणें चाललेलें. पायऱ्या चढून वर गेलों तर ओसरीवर माणसेंच माणसें. खालच्या गल्लींतील चार कुटुंबें पहांटे तीन वाजल्यापासून आमच्या घरांत होतीं. एक बाळंतीण माजघरांत, तिचें मूल काकूंच्या मांडीवर. काकू आमच्याकडे पाहून म्हणाल्या, "आलास? बरें झालें. अगोदर खालीं जाऊन नालीच्या तोंडाशीं काय अडकलें आहे तें पाहा. आपलें सगळें पाणी यांच्या घरांत गेलें."

हें वाक्य आम्हांस लागलें. आम्ही मनांत म्हणत होतों, 'देवाची कृपा, आपलें घर सुरक्षित राहिलें.' त्या मात्र, आपलें घर सुरक्षित राहिल्यामुळें कोणाचें बुडालें, हें पाहत होत्या. नालीच्या तोंडाशीं प्लॅस्टिकच्या पिशव्यांचा बोळा निघाला. त्या वर्षीं मृगापूर्वींची उपसणी आळींत झालीच नव्हती. जुने लोक गेले, नव्या भाडेकऱ्यांना नियम ठाऊक नव्हता, आणि ज्यांना ठाऊक होता ते आम्ही बेशास लिफ्टनें वर-खालीं करीत होतों. त्या पुराचें कारण नदी व तलाव होतें, आमची नाली नव्हे. तरी त्या चार घरांच्या उंबऱ्यावरचें पहिलें पाणी आमचें होतें.

विक्रीचे कागद आम्हीं परत मागविले. तें घर कायमचें राखूं अशी प्रतिज्ञा आम्ही करीत नाहीं. पुढच्या पिढीचे गुडघे पुढच्या पिढीला विचारून घेतले पाहिजेत. परंतु काकू आहेत तोंवर तें राहील. पायऱ्यांना दोन्ही बाजूंनीं लोखंडी कठडा बसविला आहे, दर दहा पायऱ्यांवर दिवा व बसावयास ओटा केला आहे, आणि आजाऱ्याला उतरविण्याची खास खुर्ची ओसरींत भिंतीला टांगून ठेविली आहे. ह्या तिन्ही गोष्टींस फारसा खर्च आला नाहीं. काकाजी असतांना त्या कां सुचल्या नाहींत, हा विचार मनांत येतो. उतारावर राहणाऱ्या ज्या कुटुंबांत वडील माणसें असतील त्यांनीं तो विचार मनांत येण्याची वाट पाहूं नये. आणि मे महिन्याच्या शेवटच्या रविवारीं आतां आमच्यांतील एकजण बेशाहून बर्डीस जातो. नाली खालून वर, जुन्या क्रमानें, उपसली जाते. पहिल्या वर्षीं तिघे आले होते, गेल्या खेपेस अकरा.

आतां बेशाच्या बैठकीकडे वळूं. पंधरा दिवसांनीं आम्ही पुन्हां जमलों, तत्पूर्वीं दोघे-तिघे मिळून संकुलाभोंवतीं हिंडून आलों. सपाट म्हणून जी जमीन आम्ही विकत घेतली ती सपाट नव्हतीच. शेतांच्या धुऱ्यांवरून वाहणारा एक ओहोळ होता. लेआउट पाडतांना तो बुजविला गेला. पाण्याची वाट मात्र तीच राहिली, म्हणून तें आमच्या मागच्या आवारांत येऊन थांबतें. टेकडीवर उतार डोळ्यांना दिसतो, म्हणून माणूस जपून वागतो. सपाटीवर तो दिसत नाहीं, आणि आपल्या वर वा खालीं कोणी राहतें याचा विसर पडतो. हें आम्हीं बैठकींत शक्य तितक्या सौम्य शब्दांत सांगितलें. मुरूम टाकून आवार उंच केलें तर आपली लिफ्ट वांचेल व खालच्या वस्तींतलीं घरें भिजतील. त्याऐवजीं बुजलेल्या ओहोळाच्या वाटेनें बंदिस्त नाली काढून ती पुढच्या नाल्यास मिळवावी, त्यासाठीं खालच्या वस्तीच्या चार जाणत्यांस बैठकीला बोलवावें, व नगरपंचायतीकडे दोघांच्या सह्यांचा अर्ज करावा, अशी सूचना आम्हीं मांडली.

सूचना मान्य झाली. पण सर्वांच्या आनंदानें झाली असें म्हणतां येत नाहीं. वर्गणी जवळजवळ दुप्पट झाली आहे. एक सभासद आमच्याशीं हल्लीं बोलत नाहींत. "तुम्हांला फार खालच्यांचा कळवळा," असें ते जातां जातां म्हणाले. त्यांचाही राग समजण्यासारखा आहे. त्यांनीं कर्ज काढून घर घेतलें, आणि ओहोळ बुजविला तो कांहीं त्यांनीं नव्हे. अर्ज गेला आहे, खोदकाम अजून सुरू व्हावयाचें आहे, आणि पाऊस कोणासाठीं थांबत नाहीं.

ह्या सर्व हकीकतीची वार्ता काकूंना सांगावयास आम्ही परवां बर्डीस गेलों होतों. त्या बंगईवर बसून तांदूळ निवडीत होत्या. सगळें ऐकून घेतल्यावर त्यांनीं विचारलें, "खालच्या वस्तींतलीं माणसें बैठकीला आलीं होतीं, त्यांना बसावयास खुर्च्या होत्या ना?"

होत्या, असें आम्हीं सांगितलें. त्या पुन्हां तांदूळ निवडूं लागल्या.